जुनिपरच्या काड्या दीड-दोन महिने हिरव्या राहून अचानक तांबड्या का पडतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

"परवापर्यंत तर हिरवीगार होती हो." जुनिपरच्या काड्यांची कुंडी उचलून परभणीत माझ्या गच्चीपर्यंत आलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो. जुनिपर म्हणजे बोन्सायसाठी, म्हणजे उथळ ट्रेमध्ये छोटं ठेवून वाढवायला, लोक हौसेनं लावतात ते सदाहरित झाड, आणि काड्या म्हणजे त्याची छाट कलमं. त्या दिवाळीनंतर लावलेल्या असतात. संक्रांतीला त्या लावल्या दिवसासारख्याच तजेलदार दिसतात, आणि महाशिवरात्र आली की आठ दिवसांत एकामागून एक कडब्याच्या रंगाच्या होतात. मग माणूस त्या आठ दिवसांतली चूक शोधू लागतो. पाणी जास्त झालं का, ऊन लागलं का, नातवानं हात लावला का. स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या कुंड्यांत हा एकच बिघाड मी इतक्यांदा उकरून पाहिला आहे की आता खात्रीनं सांगतो: चूक त्या आठ दिवसांतली नसते. ती बहुतेक वेळा लावणीनंतरच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांतली असते, आणि काडी तेव्हाच गेलेली असते. रंग तेवढा नंतर बदलतो.

जुनिपरचा पाला मेणचट असतो, खवल्यांचा किंवा सुयांचा. तो पाणी फार जपून सोडतो. गुलाबाची काडी गेली की दोन दिवसांत मान टाकते. जुनिपर मान टाकत नाही, कारण त्याच्या पानात लवण्यासारखं काही नाही. दसऱ्याला दाराला बांधलेलं आंब्याचं तोरण झाडापासून तुटूनही काही दिवस हिरवं असतं, तसंच हे. इथं त्या दिवसांचे आठवडे होतात. म्हणून पाल्याच्या रंगावरून काही ठरवू नका, काडीचं बुड काय सांगतं ते पाहा. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे: आधी फुकटच्या तपासण्या, मग थोड्या पैशांच्या, आणि शेवटी ज्यात एखादी काडी किंवा अख्खी कुंडी मोडावी लागते त्या.

आधी लक्षण नीट ओळखा

– सगळी काडी एकदम फिकी पडते, मग तांबूस. बुड काळं, साल बोटानं सरकते. हे कुजणं.

– शेंड्याकडून वाळत येते, बुड मात्र टणक आणि कोरडं. ही हवेनं किंवा उन्हानं केलेली तहान.

– पाल्यावर धूळ बसल्यासारखा राखाडी-तांबूस रंग, आतल्या बाजूनं सुरू झालेला. इथं लाल कोळीचा संशय घ्या.

– तीन महिने झाले, काडी हिरवी आहे, पण नवी फूट नाही. हा बिघाड असेलच असं नाही.

– मुळं फुटली होती, उथळ ट्रेमध्ये हलवली आणि पंधरा-वीस दिवसांत गेली. ही लावणीची नाही, घाईची अडचण आहे. तिच्यावर शेवटी लिहिलं आहे.

– फक्त खोडालगतच्या जुन्या सुया तपकिरी होऊन गळतात, शेंडे ताजे आहेत. इथं काहीच करू नका. आतला, उजेड न मिळणारा पाला झाड स्वतःच टाकतं.

पहिली तपासणी: बोट आणि तारीख

पाला दोन बोटांत धरून हलकेच दाबा. जिवंत पाला लवचीक आणि किंचित गार लागतो. मेलेला पाला हिरवा असला तरी करकरीत लागतो आणि चुरगाळला की राळेचा ताजा वास येण्याऐवजी वाळल्या गवताचा येतो. शंका राहिली तर काडीच्या खालच्या भागावर नखानं साल जरा खरवडा. आत ओला हिरवा थर दिसला तर काडी आहे. कोरडा तपकिरी दिसला तर आणखी खाली खरवडून पाहा, मातीपर्यंत तपकिरीच असेल तर ती काढून टाका. शेजारच्या काड्यांसाठी तेवढंच बरं.

मग लावल्याची तारीख पाहा. तारीख लिहिलेली नसेल तर आजपासून कुंडीत चिठ्ठी खोचायची सवय लावा, कारण पुढचं निम्मं निदान तारखेवर चालतं. जुनिपर मूळ फोडायला फार वेळ घेतं. दोन महिने कमीत कमी, तीन-चार महिने सर्रास, थंडीत त्याहूनही जास्त. जास्वंद, बोगनवेल लावणाऱ्यांच्या हाताला महिन्याभराची सवय असते, आणि महिना झाला की ते काडी हळूच ओढून बघतात. ओढू नका. बुडाशी आधी पांढरट गाठ येते, त्या गाठीतून केसासारखं मूळ निघतं, आणि ते त्या दिवसांत इतकं नाजूक असतं की चिमटीच्या एका ओढीनं तुटतं. गंगाखेडहून आलेल्या एका निवृत्त सरांच्या कुंडीत प्रत्येक काडीला गाठ होती, मूळ एकालाही नव्हतं. "सर, दर रविवारी ओढून पाहायचात का?" विचारलं तर म्हणाले, "हो, अगदी हळूच." दुसऱ्या वर्षी त्यांनी हात आवरला आणि काड्या लागल्या.

दुसरी: हे जुनिपरच आहे ना?

हे अपमान वाटून घेण्यासारखं नाही. आपल्याकडं कित्येक रोपवाटिकांत मोरपंखीच जुनिपर म्हणून विकली जाते. मोरपंखीचा पाला एका पातळीत चपटा, पंख्यासारखा उभा पसरलेला असतो. जुनिपरच्या डहाळ्या गोलसर, दोरीसारख्या, किंवा टोचणाऱ्या सुयांच्या. एकाच जुनिपरवर दोन्ही तऱ्हेचा पाला असू शकतो, आणि जोरात छाटलं की खवल्यांच्या झाडावरही सुया येतात, तेव्हा सुया पाहून घाबरू नका. मोरपंखीच्या काड्या वेगळ्या वागतात, तिला हा क्रम तंतोतंत लागू करू नका.

तिसरी: खराट्याचा हीर

कुंडीचा वरचा थर पाहून पाणी घालणं, इथंच सर्वांत जास्त काड्या जातात. आपल्या हवेत वरचा अर्धा इंच दुपारपर्यंत कोरडा पडतो आणि खाली चिखल असतो. खराट्याचा एक हीर घ्या, कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. हिराला ओलं मिश्रण चिकटून आलं आणि तो गडद दिसला तर पाणी नको. नुसता गार, दमट लागला तर बरोबर. कोरडा आला तर आजच पाणी द्या. पैसे शून्य, आणि माझ्याकडं आलेल्या कुंड्यांतल्या बऱ्याचशा बिघाडांचं उत्तर या एका हिरानं दिलेलं आहे.

मूळ नसलेल्या काडीला पाणी पिता येत नाही, ती बुडाच्या कापातून थोडंफार ओढते. पण त्या कापाला हवाही लागते. सतत ओलं राहिलं की हवा संपते, गाठ येत नाही, आणि बुरशीला दार उघडं मिळतं. म्हणजे काडीला वरून दमट हवा हवी आणि खालून ओलसर पण मोकळं मिश्रण हवं. मराठवाड्यात नेमकं उलट होतं. वरची हवा कोरडी ठणठणीत, आणि ते भरून काढायला आपण खाली पाणी ओतत राहतो. माझ्या मते सगळ्या अडचणीचं मूळ हे आहे, आणि म्हणूनच पुण्या-मुंबईच्या सल्ल्यानं लावलेल्या काड्या इथं जगत नाहीत.

चौथी: कुंडी ठेवली कुठं आहे

दुपारी दोन वाजता कुंडीशेजारच्या फरशीवर तळहात ठेवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर कुंडीचं बुड भाजतं आहे. वीट किंवा लाकडी फळी खाली घालून कुंडी उचलून घ्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची उत्तर बाजू काड्यांसाठी थंडीत उत्तम: उजेड भरपूर, थेट ऊन नाही, आणि वारा अडतो. मुळं धरल्यावर पूर्व बाजूला, सकाळच्या उन्हात आणायची.

दमट हवेसाठी दोन लिटरची पारदर्शक बाटली बुडाकडून कापून काड्यांवर टोपीसारखी घाला, झाकण दिवसा थोडा वेळ उघडा. पण ही बाटली कधीही उन्हात ठेवू नका, आत काड्या अक्षरशः शिजतात.

घरात, बैठकीत, टीव्हीशेजारी ठेवलेली कुंडी असेल तर बाकीच्या तपासण्या सोडा आणि ती आधी बाहेर काढा. जुनिपर उघड्यावरचं झाड आहे. हिमालयात त्याच्या जाती हजारो फुटांवर, बर्फात आणि वाऱ्यात वाढतात. मूळ धरलेली काडी असो वा दहा वर्षांचं बोन्साय, बंद खोलीत ते हळूहळू मरतं, आणि मरताना तेवढंच हिरवं दिसतं.

पाचवी: पांढरा कागद

पांढरा कागद पाल्याखाली धरा आणि डहाळी दोन-तीनदा टिचकीनं झटका. पडलेले ठिपके अर्धा मिनिट बघा. चालू लागले आणि बोटानं चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर लाल कोळी आहे. कापूस, वांगी, मिरची करणाऱ्या घरांत ही कीड ओळखीची. फेब्रुवारीपासून कोरडी गरम हवा सुरू झाली की ती झपाट्यानं वाढते.

पहिला उपाय पाणी. पाल्याला खालून-वरून जोरदार फवारा, तीन-तीन दिवसांनी, निदान चार वेळा, कुंडीचं तोंड प्लास्टिकनं झाकून. मुळं नसलेली काडी मात्र हातानं धरून फवारा, नाहीतर हलते. निंबोळी तेल वापरायचं तर संध्याकाळी. गंधकाची फवारणी पारा चढलेल्या दिवसांत करू नका, पाला जळतो. आणि घरात मावा-तुडतुड्यांसाठी आणलेलं इमिडाक्लोप्रिड असेल तर ते इथं वापरू नका. कोळी हा कीटक नाही, त्यावर त्या औषधाचा उपयोग होत नाही, आणि ते वापरल्यावर कोळी उलट वाढल्याचं बऱ्याच पिकांत दिसलेलं आहे.

सहावी: पाणी कुठलं

कुंडीच्या काठावर, बाहेरच्या अंगाला पांढरी पूड जमली आहे का? असेल तर पाण्यात क्षार आहेत. बोअरचं पाणी खोल गेलं की मचूळ होतं, हे इथं कुणाला सांगायला नको. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, किंवा आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाकडून एकदा मोजून घ्या. माझा अंदाज असा: आकडा ५०० च्या आत असेल तर पाण्याची काळजी सोडा. हजाराच्या पुढं असेल तर काड्यांना ते देऊ नका.

चुनखडीचं पाणी जुनिपरला तसं सोसतं, मोठं झाड त्यावर वर्षानुवर्षं राहतं. काडीचं वेगळं आहे. कोरड्या हवेत पाणी उडून जातं, क्षार मिश्रणातच राहतात, आणि दोन महिन्यांत ते इतके साठतात की बुडाला मिळणारं पाणीसुद्धा ओढता येत नाही. काडी ओल्यात उभी राहून तहानते.

दोन ठिकाणचं पाणी लोक काटकसरीनं झाडांना घालतात, आणि नळ आठवड्यानं येणाऱ्या गावात तो विचार मला पूर्ण पटतो, पण काड्यांना ते नको: आरओमधून वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी. दोन्हींत क्षार एकवटलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, स्वच्छ बादलीत धरलेलं तर फारच छान. पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवता आलं तर सर्वांत उत्तम. दहा-बारा काड्यांच्या कुंडीला थंडीभर लागतं ते किती? एक-दोन कॅन.

सातवी: तांब्याभर पाणी ओतून बघा

आता मिश्रणाकडं. कुंडीवर तांब्याभर पाणी एकदम ओता. ते काही सेकंदांत जिरून खालून वाहू लागलं पाहिजे. वर तळं साचून मिनिटभर राहिलं तर मिश्रण चुकीचं आहे, आणि पाण्याचं वेळापत्रक कितीही बदललं तरी ते सुधारणार नाही.

आपली काळी माती कापसाला सोनं आहे, जुनिपरच्या काडीला मात्र तुरुंग. ती पाणी पिऊन फुगते, हवेच्या जागा बंद करते, वाळली की आकसते आणि भेगा पडताना नुकतं निघालेलं मूळ ओढून तोडते. "थोडीशी घातली, जोर यावा म्हणून" असं सांगणारे बरेच भेटतात. काडीला जोर मातीतून मिळत नसतो, तिला मुळंच नाहीत. शेणखत, गांडूळखत, काळी माती, यातलं काहीही काड्यांच्या मिश्रणात चिमूटभरसुद्धा नको.

मी वापरतो ते असं. पक्की भाजलेली वीट फोडून केलेला चुरा किंवा नदीची जाड वाळू तीन भाग, आणि नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, एक भाग. विटेचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी दाबून बघा. मऊ पडला तर ती वीट कच्ची, कुंडीत चिखल होणार. चाळायला घरच्या चाळण्या पुरतात: गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल आणि रव्याच्या चाळणीवर उरेल तेवढंच घ्यायचं. खालची बारीक पूड टाकून द्यायची, कारण तीच हवेच्या जागा बुजवते. हल्ली बांधकामावर मिळते ती दगडाची वाळू असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कोकोपीटच्या विटेत क्षार असू शकतात, तीन पाण्यांतून पिळून काढा.

तळाला खापऱ्या आणि खडी घालायची जुनी रीत आहे, ती इथं सोडून द्या. पाणी बारीक मिश्रणातून जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच अडकून राहतं, म्हणजे ओला थर आणखी वर, काडीच्या बुडाजवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. त्याच कारणानं काड्या बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये लावू नका. तळाशी ओला थर सगळ्याच कुंड्यांत राहतो, खोल कुंडीत तो काडीपासून लांब असतो, ट्रेमध्ये काडी त्याच्यातच उभी असते.

आठवी: एक काडी उपटून बघा

इथपर्यंत काही सापडलं नसेल आणि लावून किमान दोन महिने झाले असतील, तर सर्वांत अशक्त नाही, मधल्या प्रकृतीची एक काडी निवडा. शेजारून चमचा घालून मिश्रणासकट उचला, पाण्यात हलवून धुवा, आणि बुड उजेडात धरा.

बुड फुगलेलं, पांढरट, खडबडीत असेल तर सगळं ठीक चाललं आहे. पेन्सिलीनं भोक करून काडी परत लावा आणि दोन महिने कुंडी विसरा. बुड टणक, तपकिरी आणि जसंच्या तसं असेल तर एकतर थंडी फार आहे, किंवा काडी निवडतानाच चूक झाली. ज्या हिवाळ्यात आमच्याकडं पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा काड्या महिनाभर नुसत्या थांबून राहतात. बुड काळं, बुळबुळीत, आंबूस वासाचं असेल तर कूज आहे, आणि त्या कुंडीतलं मिश्रण परत कशालाही वापरायचं नाही.

कुजीवर लोक हमखास कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पूड टाकतात. ओल्यात येणारी मूळकूज पुष्कळदा फायटोफ्थोरा, पिथियम अशा जातींची असते, आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. ट्रायकोडर्मा (कुजीला आवर घालणारी मित्रबुरशी) लावणीच्या वेळी मिश्रणात घातलं तर राखण म्हणून चांगलं, पण कुजलेली काडी ते परत आणत नाही. आणि दोन्ही एकाच वेळी घालू नका, कार्बेन्डाझिमनं ट्रायकोडर्मा स्वतःच मरतं.

नववी: काडीच चुकीची होती का

मग पुन्हा लावणी. यंदा काडी अशी घ्या: चार ते सहा इंच, चालू वर्षाची, खालच्या टोकाला हिरवा रंग तपकिरीत बदलायला लागलेला. कात्रीनं कापण्यापेक्षा फांदीपासून खाली ओढून थोड्या सालीच्या टाचेसकट काढलेली काडी चांगली लागते. टाच लांब लोंबत असेल तर धारदार पात्यानं नीट करा. खालच्या एक तृतीयांश भागावरचा पाला काढा, वरचा अजिबात कमी करू नका. जुनिपरची ताकद पाल्यात साठलेली असते, तो छाटला की मूळ फोडायला बळ उरत नाही.

ज्या झाडावरून काडी घेणार त्याला आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि काडी सकाळी घ्या. तहानलेल्या झाडाची काडी लावतानाच अर्धी मेलेली असते.

मूळ फोडणाऱ्या पावडरीतलं औषध म्हणजे आयबीए. मऊ काड्यांसाठीची सौम्य पावडर जुनिपरला पुरत नाही. ३००० पीपीएम किंवा त्याहून तीव्र, टणक काड्यांसाठीची घ्या. ती उष्णतेनं आणि उजेडानं निकामी होते. पत्र्याच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेली डबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, आणि घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. बुड बुडवून जास्तीची पावडर झटका. थर जाड झाला तर बुड जळतं. हळद, मध, दालचिनी यांनी मूळ फुटत नाही.

वेळ: दसरा ते मार्गशीर्ष. जमिनीत अजून ऊब असते, हवा निवलेली असते, आणि चैत्राच्या उन्हाआधी चार-पाच महिने हातात मिळतात. पावसाळ्यात लावलेल्या काड्या लागतात, पण बुरशीही लागते. फेब्रुवारीत लावू नका. मुळाआधी उन्हाळा येतो.

दहावी: कुंडीच नव्यानं बांधणे

दोन हंगाम सगळं करूनही काड्या जात असतील तर मी सांगतो ती कुंडी करून बघा. सर्वांत मेहनतीची म्हणून शेवटी ठेवली, पण आमच्या हवेसाठी याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

संक्रांतीचं सुगड घ्या, किंवा लक्ष्मीपूजनाचं बोळकं. रंग दिलेलं नको, रंगानं छिद्रं बुजतात. त्यात पाणी भरून कागदावर ठेवा. काही तासांत बाहेरून दमट आणि गार लागलं तर ते कामाचं. दहा इंची कुंडीच्या मधोमध हे सुगड काठापर्यंत पुरा, भोवती वर सांगितलेलं चाळलेलं मिश्रण भरा, आणि सुगडापासून तीन-चार बोटं अंतरावर गोलाकार काड्या लावा, दीड इंच खोल. भोक काडीनं पाडू नका, पेन्सिलीनं पाडा, म्हणजे बुडाची पावडर पुसली जात नाही. लावल्यावर एकदाच वरून पाणी देऊन मिश्रण बसवा. त्यानंतर पाणी फक्त सुगडात घालायचं आणि वर पणतीचं झाकण ठेवायचं.

शेतात मडकं पुरून झाड जगवायची रीत आपल्याला नवी नाही. तत्त्व तेच. मिश्रण जेवढं कोरडं पडेल तेवढंच पाणी मडक्याच्या भिंतीतून झिरपतं, जास्त नाही. चिखल होत नाही, कोरडंही पडत नाही, आणि चार दिवस गावाला गेलात तरी काड्या तग धरतात. सुगडात मचूळ पाणी घातलंत तर वर्षभरात छिद्रं बुजतील, म्हणून तेवढं गोडं पाणी जपा. सुगड दर संक्रांतीला नवं घ्या, घरात येतंच.

मुळं धरल्यावर गेलेल्या काड्या

नवी फिकट हिरवी टोकं दिसली की लगेच ट्रे, तार, कापाकापी सुरू होते. थांबा. पहिला उन्हाळा काडीला त्याच कुंडीत, हिरव्या शेडनेटखाली काढू द्या. पुढच्या थंडीत मुळांभोवतीचं मिश्रण न झटकता साध्या खोल कुंडीत हलवा. खोड जाड व्हायला पुढची काही वर्षं हवीत, ट्रेचा विचार त्यानंतर. जपानच्या निइगाता प्रांतातल्या इतोइगावा भागात कड्यांवर वाढणारे शिम्पाकू जुनिपर लोकांनी इतके उपटले की रानातली झाडं विरळ झाली. आज त्या वाणाची बोन्साय छाट कलमांपासूनच वाढवतात. ज्यांच्या झाडांचे फोटो बघून आपण कात्री उचलतो, त्यांनीही ही वर्षं दिलेली आहेत.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

काड्या गेल्या तर पुढच्या दसऱ्याला परत लावता येतात, त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही. मूळ झाडाचं तसं नाही. ज्या झाडावरून काड्या घेतल्या त्याच्याच फांद्या एकामागून एक तांबड्या पडत असतील तर घरचे उपाय त्याच दिवशी थांबवा. जुनिपरच्या पालाहीन जुन्या लाकडातून नवी फूट येत नाही, गेलेली फांदी कायमची जाते. जवळच्या अनुभवी बोन्साय करणाऱ्याला झाड दाखवा. दाखवेपर्यंत मुळं उघडी करू नका, खत देऊ नका.

आंबूस वासाची कूज एकाहून जास्त कुंड्यांत दिसली, किंवा चार वेळा पाणी फवारूनही कागदावर ठिपके चालतच राहिले, तर दुकानदाराच्या सांगण्यावरून औषधं मिसळत बसू नका. गच्चीवर पाण्याची टाकी असते, मुलं असतात, वाळवण असतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे, आणि खरपुडी, तुळजापूर, तोंडापूर अशी कृषी विज्ञान केंद्रं मराठवाड्यात आहेत. ती मंडळी पिकांची आहेत, बोन्सायची नाहीत, म्हणून "बोन्साय बिघडलं" असं न सांगता "मूळकुजीचा नमुना आहे" किंवा "कोळीचा नमुना आहे" असं सांगा. पाण्याचा टीडीएस दीड-दोन हजारांवर असेल तर पाण्याचा नमुनाही प्रयोगशाळेत तपासून घ्या.

नमुना पूर्ण वाळलेल्या काडीचा नेऊ नका, तिच्यावर नंतरच्या बुरशी चढलेल्या असतात. अर्धी हिरवी, अर्धी बिघडलेली काडी, बुडाच्या मूठभर मिश्रणासकट वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन ती वाटेतच कुजते. सोबत लावल्याची तारीख, पाणी कुठलं आणि आजवर काय काय फवारलं, हे कागदावर लिहून द्या.